टोपोशीट कशी शोधायची, कशी काढायची आणि डोंगरात कशी वाचायची (ट्रेकवाल्यांसाठी, पण अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलवाल्यांनाही चालेल)

पाऊस उघडला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो, राजगड-तोरण्याची जीपीएक्स फाईल (म्हणजे कुणीतरी जीपीएसवर टिपून ठेवलेली वाट) आहे का कुणाकडे. फाईल मिळते, सगळे मोबाईलमध्ये टाकतात आणि त्या निळ्या टिंबाच्या मागे मेंढरासारखे चालत सुटतात. मीही तेच करायचो. एकदा वेल्ह्याच्या बाजूला धुक्यात फोन भिजला, दुसऱ्याच्या फोनची बॅटरी सहा टक्के, आणि आम्ही पाच जण सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार) समजून घळीत उतरलो. खाली कडा. परत वर यायला अडीच तास गेले, पाणी संपलं, आणि खरी लाज वाटली ती घरी आल्यावर, कारण टोपोशीटची प्रिंट सॅकमध्येच होती, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून, फक्त ती वाचता कुणालाच येत नव्हती.

तेव्हापासून शिकलो. मी काही भूगोलाचा मास्तर नाही, पोटापाण्याचा उद्योग वेगळाच आहे, पण गेली काही वर्षं नवीन पोरांना हे शिकवतोय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

टोपोशीट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे आपण ज्याला सर्व्हे ऑफ इंडिया म्हणतो त्याने काढलेला स्थलदर्शक नकाशा. १७६७ पासूनचं खातं, हेडऑफिस डेहराडूनला, आणि महाराष्ट्र-गोव्याचं ऑफिस पुण्यात. देशाचा इंच न् इंच मोजायचा, उंची काढायची, नकाशा करायचा आणि तो परत परत सुधारायचा हे त्यांचं काम. गुगलच्या मॅपवर हॉटेलं आणि ट्रॅफिक छान दिसतं, पण कडा कुठे आहे, ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो का, माळ कुठे संपतो आणि रान कुठे लागतं हे बघायचं असेल तर शीटला पर्याय नाही.

आधी आपला शीट नंबर काढा

इथेच निम्मी जनता गळते, कारण ४७ एफ/१५ असलं काहीतरी वाचलं की वाटतं हे सरकारी फाईलचं प्रकरण आहे. अजिबात नाही, शाळेतलं अक्षांश-रेखांश आठवत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

अख्खा देश चार अंश बाय चार अंशाच्या चौकटींत कापलाय आणि प्रत्येक चौकटीला नंबर दिलाय. १६ ते २० उत्तर आणि ७२ ते ७६ पूर्व ही चौकट म्हणजे ४७. मुंबई, पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर सगळं यातच. वरची ४६ (खानदेश त्यात येतो), खालची ४८ (गोवा आणि सिंधुदुर्गाचं शेपूट). विदर्भातल्यांनी ५५ लक्षात ठेवायचा, मराठवाड्याच्या पूर्व भागाने ५६, आणि गडचिरोलीचा ८० रेखांशाच्या पलीकडचा तुकडा ६४ आणि ६५ मध्ये जातो.

आता या मोठ्या चौकटीचे एकेक अंशाचे सोळा तुकडे करायचे आणि ए पासून पी पर्यंत अक्षरं द्यायची. पण इथे एक मेख आहे. अक्षरं आपण लिहितो तशी डावीकडून उजवीकडे जात नाहीत, वरून खाली जातात. पहिल्या उभ्या रांगेत ए, बी, सी, डी, मग दुसऱ्या रांगेत परत वरून ई, एफ, जी, एच. मग प्रत्येक तुकड्याचे अजून सोळा तुकडे, १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, त्यांना १ ते १६ आकडे, तेही तसेच वरून खाली.

तोरणा घेऊ. साधारण १८ अंश १७ मिनिटं उत्तर, ७३ अंश ३७ मिनिटं पूर्व. म्हणजे ४७ नक्की. रेखांश ७३ ते ७४ मध्ये म्हणजे दुसरी उभी रांग, अक्षांश १८ ते १९ मध्ये म्हणजे वरून दुसरा, ई नंतर एफ. झालं, ४७ एफ. आता मिनिटं. ३७ मिनिटं रेखांश हा ३० ते ४५ मध्ये पडतो, म्हणजे तिसरी रांग, त्यात ९, १०, ११, १२. अक्षांश १७ मिनिटं. वरून मोजायचं हं, ६० ते ४५ पहिला, ४५ ते ३० दुसरा, ३० ते १५ तिसरा. म्हणजे ९, १०, ११. तोरणा ४७ एफ/११ वर.

हे वरून मोजणं सगळे विसरतात. अक्षांश खालून वर वाढतात पण शीटचे नंबर वरून खाली वाढतात, त्यामुळे हात आपोआप उलटा जातो. मी स्वतः पहिल्यांदा तोरण्यासाठी १० नंबरची शीट प्रिंट करून आणली होती, मोठी, रंगीत, पैसे भरून.

आता गंमत बघा. राजगड १८ अंश १४ मिनिटं आणि वर काही सेकंद, म्हणजे १५ मिनिटांच्या रेषेच्या जेमतेम खाली. त्यामुळे त्याचा बालेकिल्ला गेला ४७ एफ/१२ वर, अगदी वरच्या कडेजवळ. आणि सिंहगड ७३ अंश ४५ मिनिटांच्या रेषेला जेमतेम पलीकडे, म्हणून तो ४७ एफ/१५ वर, अगदी डाव्या कडेला चिकटून. म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा करायचा तर तीन शीट लागतात आणि तिन्ही गड कडेकडेला. सर्व्हेवाल्यांनी मुद्दाम केलं नाहीये, रेषाच तिथून जातात, पण आपल्याला शीट जोडायला लागतात हे खरं.

प्रॅक्टिस म्हणून कळसूबाई काढा : १९ अंश ३६ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४२ मिनिटं पूर्व. उत्तर ४७ ई/१० आलं पाहिजे. नाही आलं तर तुम्ही खालून मोजलंय.

अजून एक भानगड आहे. २००५ च्या नॅशनल मॅप पॉलिसीनंतर नकाशांच्या दोन सिरीज झाल्या, एक डिफेन्सवाली जी आपल्याला मिळत नाही आणि एक ओपन सिरीज जी आपल्यासाठी. ओपन सिरीजला नवीन नंबर आहेत, जागतिक पद्धतीचे. तिथे चौकट चार अंश बाय सहा अंश, आपली म्हणजे ई४३, आणि तिचे २४ तुकडे ए ते एक्स, पण यावेळी डावीकडून उजवीकडे, एका आडव्या ओळीत सहा. त्यामुळे ४७ एफ चं झालं ई४३एच आणि ४७ ई चं झालं ई४३बी. शेवटचा १ ते १६ आकडा मात्र जुनाच राहतो, त्याची वरून खाली पद्धतही तीच. म्हणजे सिंहगडची शीट ई४३एच१५. नव्या नंबरातला सुरुवातीचा ई हा १६ ते २० अक्षांशाचा पट्टा आहे, त्याचा जुन्या ४७ ई शी काही संबंध नाही, गोंधळ घालू नका.

फाईल काढणं आणि प्रिंट

सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑनलाइन मॅपचं पोर्टल आहे. तिथे अकाउंट काढायचं, मोबाईल नंबर वगैरे देऊन, मग ओपन सिरीज मॅप, स्केल १:५०,०००, आणि आपला नंबर टाकायचा. पीडीएफ फुकट मिळते. २०१७ मध्ये खात्याला २५० वर्षं झाली तेव्हा ही फुकट डाउनलोडची सोय सुरू केली. त्याआधी आमचे सीनियर लोक ऑफिसात जाऊन, अर्ज भरून शीट विकत आणायचे आणि मग ती शीट ग्रुपमध्ये देवघरातल्या पोथीसारखी फिरायची, कोपरे फाटलेली, मागे सेलोटेप. २०२१ मध्ये सरकारने नकाशांचे बरेचसे नियम सैल केले, त्यामुळे आता आधीसारखं चोरून काही करतोय असं वाटत नाही.

प्रिंटच्या वेळी दुकानदाराला एकच गोष्ट ठणकावून सांगा : फिट टू पेज करू नकोस. १:५०,००० म्हणजे कागदावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. आपल्या अक्षांशाला एका शीटमध्ये साधारण साडेसव्वीस किलोमीटर आडवं आणि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उभं येतं, म्हणजे कागदावर ५३ बाय ५५ सेंटीमीटर, प्लस कडेची माहिती. हे ए१ कागदावरच पूर्ण बसतं. ए४ वर काढलं तर नकाशा दिसतो छान पण स्केल मेलं. मी काय करतो, मला हवा तो भाग कापून ए३ वर १०० टक्क्यांनी काढतो, त्यात १५ बाय २१ किलोमीटर येतं, एका ट्रेकला भरपूर. आणि खालची स्केलची पट्टी त्याच साइझमध्ये कापून बाजूला चिकटवतो, म्हणजे समजा प्रिंट लहान-मोठी झालीच तरी पट्टीही तेवढीच झालेली असते. लेजंडचा, म्हणजे चिन्हांच्या यादीचा भागही वेगळा प्रिंट करा. लेजंड नसलेली शीट म्हणजे लेबल नसलेले मसाल्याचे डबे.

मोबाईलवर वापरायची असेल तर क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात नकाशा जागेवर बसवता येतो. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश शीटवर छापलेले असतातच, १५ मिनिटांच्या पटीत, तेच द्यायचे. फक्त जुनी शीट स्कॅन करून वापरत असाल तर सांभाळा. जुन्या शीट एव्हरेस्टच्या गोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशोबावर आधारलेल्या आहेत आणि आपला जीपीएस डब्ल्यूजीएस८४ या नव्या हिशोबावर चालतो, दोन्हीत शंभरेक मीटरचा फरक पडतो. रस्त्यावर शंभर मीटर म्हणजे काही नाही, कड्यावर शंभर मीटर म्हणजे सगळंच.

आता वाचायला घ्या, आणि आधी कडा वाचा

डोंगराचा कडा नाही, कागदाच्या कडा. म्हणजे मार्जिन. सर्व्हे कुठल्या वर्षी झाला ते तिथे लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. माझ्याकडे एक जुनी शीट आहे, तिच्यावर गुंजवणी धरणाचं पाणीच नाहीये, नुसती नदी वाहतेय आणि दोन्ही बाजूला पिवळी शेतं. तिच्या भरवशावर कुणी नदी ओलांडायला निघाला तर त्याला होडी लागेल. रस्ते, धरणं, पवनचक्क्या, नवीन वस्त्या हे सगळं सर्व्हेच्या वर्षानंतर बदललेलं असू शकतं. डोंगर मात्र तिथेच आहे, म्हणून विश्वास डोंगरावर ठेवायचा, रस्त्यावर नाही.

रंग पटकन सांगतो. तपकिरी म्हणजे कंटूर (समान उंचीच्या रेषा, त्यावर पुढे येतोच) आणि जमिनीचा आकार. निळं म्हणजे पाणी. हिरवं म्हणजे झाडी. पिवळं म्हणजे शेती. लाल म्हणजे रस्ते आणि वस्ती. काळं म्हणजे नावं, रेल्वे, हद्दी वगैरे. आणि काळ्यातच ट्रेकरच्या कामाची एक फार मोठी गोष्ट लपलेली आहे : ओढा काळ्या रेषेत असेल तर तो कोरडा पडणारा, निळ्यात असेल तर बारमाही. सह्याद्रीत बघा, गडाच्या अंगावरून उतरणारे जवळजवळ सगळे ओढे काळे आहेत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जे खळाळतंय ते मार्चमध्ये नुसते गोटे. पाण्याचा प्लॅन याच्यावरच करायचा, कोणाच्या तरी व्हिडिओवर नाही, कारण तो व्हिडिओ हमखास जुलैचा असतो.

चिन्हं सगळी पाठ करायची गरज नाही. त्रिकोण आणि बाजूला आकडा म्हणजे त्रिकोणमितीने मोजलेली उंची, नुसतं टिंब आणि आकडा म्हणजे स्पॉट हाइट (त्या जागेची उंची), बीएम म्हणजे बेंचमार्क (उंची मोजून पक्की खूण करून ठेवलेली जागा). धरणाच्या किंवा तळ्याच्या बांधाजवळ ४आर असं दिसलं तर घाबरू नका, तो बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४ मीटर उंच आहे एवढंच. आरएफ म्हणजे राखीव जंगल. पायवाट, बैलगाडीची वाट, जनावरांची ओझ्याची वाट या तिघींच्या तुटक रेषा वेगवेगळ्या असतात, लेजंड बाजूला ठेवून एकदा बोट ठेवत बघा.

त्या त्रिकोणावरून आठवलं. हे मोजमाप सुरू झालं १८०२ मध्ये मद्रासला, विल्यम लॅम्ब्टन नावाच्या माणसाने साखळ्या टाकून पहिली बेसलाइन, म्हणजे त्रिकोणाची पायाची बाजू मोजली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत वीस वर्षं उत्तरेकडे सरकत आला, अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन. तो वारला कुठे माहितेय का? आपल्या हिंगणघाटला, १८२३ मध्ये. कबर तिथेच आहे. वर्ध्याकडचे कितीतरी लोक रोज त्या गावातून जात असतील. ज्यांना नंबर काढायची हौस आहे त्यांनी हिंगणघाट काढा, ५५ एल/१४ येतं. नागपूरचा झिरो माइलचा दगडही याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ चा. पुढे राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने याच मोजण्यांवरून १८५२ मध्ये पीक १५ हे जगातलं सगळ्यात उंच शिखर असल्याचं हिशोबाने काढलं, आणि १८६५ मध्ये नाव लागलं एव्हरेस्टचं, जो लॅम्ब्टननंतर या कामाचा साहेब झाला होता. असो, परत कागदावर या.

कंटूर, म्हणजे खरा धडा

कंटूर म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा. १:५०,००० च्या शीटवर दोन रेषांत २० मीटरचा फरक, आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे दर १०० मीटरला. जाड रेषांवर आकडे असतात, आधी ते वाचा, कुठल्या बाजूला वाढतायत ते बघा. आम्ही घळीत उतरलो त्याचं कारण एवढंच होतं, आकडा न बघता आकार बघितला.

सोंड आणि घळ दोन्ही कागदावर सारखीच दिसतात, रेषांचे बाक एकात एक बसवलेले. फरक फक्त बाकाचं टोक कुठे आहे याचा. टोक कमी आकड्याकडे म्हणजे उताराकडे असेल तर ती सोंड. टोक जास्त आकड्याकडे म्हणजे चढाकडे असेल तर ती घळ किंवा ओढा. ओढ्याची काळी रेषा असेल तर सोपं, पण लहान घळींत ती काढलेली नसते. माझी सवय सांगतो, ट्रेकच्या आदल्या आठवड्यात शीटवर हायलायटरने सोंडा नारिंगी आणि घळी निळ्या रंगवतो. पोरकट वाटतं, पण अर्ध्या तासात डोंगर कागदातून वर यायला लागतो. खरंच, एकदा तो वर आला की परत सपाट दिसत नाही.

दोन टेकाडांच्या मधे रेषा कमरेसारख्या आत येतात ती खिंड. राजगडच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार शीटवर बघा, वर खाली वर खाली आणि मध्ये रस्ता ओलांडणारी खिंड स्पष्ट कळते. ही धार चालताना तुम्ही १२ नंबरच्या शीटवरून ११ वर जाता, त्यामुळे दोन्ही प्रिंट आधीच जोडून घ्या, धारेवर वाऱ्यात दोन कागद जुळवायला जाल तर एक कागद कोकणात जाईल.

आता उतार. ४५ अंशाच्या उतारावर दोन रेषांत कागदावर अंतर राहतं फक्त ०.४ मिलिमीटर. याच्यापेक्षा दाट म्हणजे रेषा एकमेकांत मिसळून तपकिरी पट्टा झालेला दिसतो, तो कडा. आणि दोन रेषांत सेंटीमीटरभर अंतर असेल तर अर्धा किलोमीटर चालल्यावर २० मीटर चढ, म्हणजे पठार, म्हणजे पोटऱ्यांना सुट्टी. सह्याद्री बेसाल्टच्या थरांचा असल्यामुळे पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, एक दाट पट्टा, मग मोकळी माची, परत दाट पट्टा. किल्ल्यांच्या माच्या या मोकळ्या पट्ट्यांवरच बसल्यात. हे एकदा नजरेत बसलं की कुठलाही किल्ला शीटवर बघून माची कुठे आणि बालेकिल्ला कुठे ते सांगता येतं.

पण आता जे सांगतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. दोन रेषांच्या मध्ये २० मीटर आहेत. २० मीटर म्हणजे सहा मजली बिल्डिंग. एखादा १५ मीटरचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मध्ये आरामात बसतो आणि शीटवर त्याचा पत्ताही लागत नाही, तिथे नकाशा म्हणतो नेहमीसारखा चढ. नकाशा खोटं बोलत नाहीये, त्याच्या चाळणीतून ते खाली पडलंय. बुधला माचीवर जिथे शिडी लावलीय तिथे जाऊन उभे राहा आणि मग शीट उघडून तो टप्पा शोधा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. त्यामुळे नियम असा ठेवा : जिथे रेषा दाट आहेत आणि तिथून शीटवर पायवाट काढलेली नाही, तिथून नवी वाट शोधायला जायचं नाही, दोर आणि माहीतगार माणूस नसेल तर. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारा. त्याला कंटूर माहीत नसतात पण बैल कुठून चढत नाही ते माहीत असतं.

वेळेचा हिशोब

अंतर मोजायला दोरा घ्या, वाटेवरून वळणावळणाने फिरवा, मग पट्टीवर धरा. सिंहगडची आतकरवाडीची वाट साधारण पावणेतीन किलोमीटर, कागदावर साडेपाच सेंटीमीटर. चढ साडेपाचशे-सहाशे मीटर, म्हणजे तीसएक कंटूर. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा एक नियम आहे, पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला अजून एक तास. म्हणजे सिंहगडला अंतराचा अर्धा तास, चढाचा एक तास, टोटल दीड. रोज सकाळी जाणारे काका पाऊण तासात वर ताक पीत असतात ते सोडा, पण नवीन पोरं, सॅक, फोटो धरले तर दीड तास बरोबर निघतो. पावसाळ्यात आणि घसाऱ्यावर मी त्याच्यात अजून अर्धा मिळवतो.

पावलं मोजायलाही शिका. हा फार जुना धंदा आहे. एकोणिसाव्या शतकात तिबेट बंद होतं तेव्हा सर्व्हेने नैनसिंग रावतसारख्या पहाडी माणसांना यात्रेकरूच्या वेषात पाठवलं होतं, हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी, दोन हजार पावलांना एक मैल. आपल्याला माळ नको, मैदानावर १०० मीटर चालून आपली पावलं किती होतात ते एकदा मोजा आणि खिशात खडे ठेवा. धुक्यात धारेवर "इथून तीनशे मीटरवर डावीकडची सोंड" हे शोधायला दुसरं काही इतकं कामाला येत नाही.

जागेवर

डोंगरात गेल्यावर पहिलं काम शीट फिरवून उत्तर उत्तरेला करणं. होकायंत्र असेल तर उत्तम, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही त्यामुळे परदेशी पुस्तकांतली ती बेरीज-वजाबाकी विसरा. होकायंत्र नसेल तर दोन ओळखीच्या गोष्टी बघा, समोरचा तोरणा आणि खालचा तलाव, आणि कागद त्यांच्याशी जुळेपर्यंत फिरवा. अक्षरं उलटी आली तरी चालतील. नवीन लोक नकाशा नेहमी सरळ धरतात आणि स्वतः उलटे चालतात.

मग आपण कुठे आहोत ते अंगठ्याने दाबून ठेवायचं आणि जसजसं चालाल तसतसा अंगठा सरकवायचा. चुकण्याची सुरुवात अंगठा सरकवायचा विसरल्यापासून होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पुढचं बोलून दाखवायचं, मोठ्याने : आता डावीकडे घळ येईल, मग दोन रेषा चढ, मग सपाट, मग मंदिर. आलं तर आपण बरोबर. घळ उजवीकडे आली तर तिथेच थांबायचं, "बघू पुढे जाऊन" हे वाक्य काढायचं नाही.

ग्रीड रेफरन्स (शीटवरच्या चौकटींच्या आकड्यांनी जागा सांगणं) द्यायची वेळ आली, म्हणजे कुणाला मदत बोलवायची वगैरे, तर आधी आडवा आकडा मग उभा. आधी ओटीवर चालायचं मग माडीवर चढायचं, असं मी पोरांना सांगतो. एका चौकटीची बाजू किती किलोमीटरची ते कडेच्या आकड्यांवरून घरीच बघून ठेवा.

कागद भिजू नये म्हणून झिपची पिशवी, आणि पिशवीत घडी अशी घाला की आज चालायचा भाग बाहेरच्या बाजूला राहील. सारखी सारखी पिशवी उघडली की पहिल्याच पावसात शाई पसरते. माझ्या ४७ एफ/१२ वर संजीवनी माचीच्या जागी एक निळा डाग आहे, बॉलपेनने लिहिलेल्या नोट्सचा. आता पेन्सिलीने लिहितो.